ताम्हणातले तांबूस पाणी

अण्णा, आज सकाळी अभिषेकाचे पाणी पुन्हा तांबूस झाले. आताशा ते रोज होत नाही. माझ्या हातून जरा अधिक घासले गेले, तर होते. तुम्ही पाहिले असते तर एवढेच विचारले असते, "हे काय आहे?" त्याचे उत्तर मला उद्यापूर्वी हवे आहे, म्हणून लिहायला बसलो. उद्या पुतण्या तुमचे पंचायतन घेऊन येतो आहे. दादा गेल्यापासून त्याच्या घरी पूजेला बसणारे कोणी उरले नाही. बाण, शाळिग्राम, स्फटिक, देवीचा सुवर्णमुखी पाषाण आणि शोणभद्रेचा तांबडा गणपती, असे पाचही देव तुमच्याच डब्यातून येतील. आणि आपल्या घरची रीत अशी, की एका देव्हाऱ्यात दोन गणपती बसत नाहीत. मग माझ्याकडे आहेत त्यांचे काय करू?

तारापूरला नवे वीजघर उभे राहत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. भांडारातली नोकरी मिळाली आणि कृष्णाकाठ सोडून मी निघालो. आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पूजेची उपकरणी चिंचेने घाशीत होता. आईच्या पश्चात ते काम तुम्ही कोणालाही करू दिले नाही. मी धीर करून विचारले, नव्या बिऱ्हाडी पूजेसाठी एक देव द्याल का? तुम्ही मान वर केली नाही. "पाच आहेत. चार होत नाहीत." दादा चुलीपाशी बसला होता, तो हसून म्हणाला, "याला कशाला देव? विजेच्या कारखान्यात निघालाय. बटण दाबले की उजेड." सकाळी निघताना तुम्ही पूजेत होता, म्हणजे मौनात. उंबऱ्यात उभा राहून मी "येतो" म्हणालो. तुम्ही उजव्या हाताने एक लहान ताम्हण पुढे केले, घासून लखलखीत केलेले आणि रिकामे. मौन होते म्हणून "ये" हा शब्द आला नाही, हे मला कळत होते. तरीही स्थानकापर्यंत मी मागे वळून पाहत गेलो. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

दिवस-कार्य उरकल्यावर वाटण्या झाल्या. देव थोरल्याकडे राहिले, ते योग्यच झाले. चुली वेगळ्या झाल्या की देवपूजाही वेगळी, हे तर तुम्हीच शिकवलेले. पण तारापूरजवळच्या बोईसरच्या बिऱ्हाडात ताम्हण कोनाड्यात रिकामे पडलेले, आणि दोन्ही वेळचे अन्न कोणालाही नैवेद्य न दाखवता आम्ही जेवत होतो. घास तोंडाशी नेताना मला चोरी केल्यासारखे वाटे. माघातली चतुर्थी जवळ आली तसा जीव थाऱ्यावर राहीना. मग मी माझ्या विद्वत्तेने एक वाट काढली. पंचायतनाचे पाषाण स्वयंभू, त्यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण ते नदीने घडवलेले. मग ज्याच्या उदरात साऱ्या नद्या विसावतात, त्या समुद्राने घडवलेला पाषाण का चालू नये? हा युक्तिवाद मला इतका निर्दोष वाटला, की रविवारी पहाटेच शेजारच्या फिटरची सायकल मागायला गेलो. तो म्हणाला, "पंडितजी, समंदर पे अकेले? मछली खाने लगे क्या?"

घिवलीच्या किनाऱ्यावर पोहोचतो तो ओहोटी लागलेली आहे. काळे खडक उघडे पडले आहेत आणि त्यांच्या खाचांतून ओले दगड चमकत आहेत. मी उपरणे कमरेला बांधतो आणि वाकतो. पांढरा सापडतो, त्याला तडा आहे. हिरवट सापडतो, तो चपटा. एका राखी दगडावर जानव्यासारखी पांढरी रेघ आहे, तो उचलतो, टाकतो, पुन्हा मागे जाऊन शोधतो, आणि तो आता त्या शेकडोंतून ओळखू येत नाही. प्रत्येक वेळी वाटते, मागे सोडला तोच खरा होता. ऊन चढते. वीजघराच्या बाजूने लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज वाऱ्याबरोबर येतो आणि मनात चाललेल्या जपाची लय मोडतो. कितीही चाललो तरी पाय थांबायला तयार नाहीत.

वरच्या अंगाला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. तिथल्या एका कोळणीने मला बराच वेळ न्याहाळले असावे.

"काय शोधतंस रं, सायबा? जमीन मोजतंस काय?"

"नाही हो. दगड शोधतो आहे."

ती शेजारणीकडे वळली. "आयकलंस काय? जागा नेली, आता दगड बी नेनार."

मी ओशाळून म्हणालो, "देव्हाऱ्यासाठी एकच हवा आहे. घरचे देव वाटणीत भावाकडे गेले."

"मंग भावाकडं मांग ना. दर्याला कशाला मांगतंस?"

"त्याच्याकडे मागितले नाही."

"मागाया तोंड नाय, नि पायांचं हाल करतंस." दोघी हसल्या. हसता हसता तिने बोंबील उलटायला घेतले. "शोध, शोध. आमचं काय जातंय."

भरतीचे पाणी पायांशी आले तेव्हा तो दिसला. खडकातल्या डबक्यात तळाशी, तांबडा, मुठीत मावेलसा, आणि एका अंगाला सोंडेसारखा वळसा घेतलेला. उपरण्याच्या ओच्यात जमवलेले बाकीचे सगळे दगड मी तिथेच ओतले. परतताना सायकलवर अथर्वशीर्ष म्हणत होतो आणि एक हात उपरण्यावर होता.

चतुर्थीला पहिली संततधार धरली, तसे त्याने पाणी शोषले आणि ताम्हण लालसर झाले. सौभाग्यवती नैवेद्याचे तिळाचे लाडू घेऊन आली होती. ताम्हणात डोकावून ती म्हणाली, "अहो, तुमचे गणपती रंग सोडताहेत." मी बोटाने चोळले. बोटावर चुरा आला. ती वीट होती, अण्णा. कुठल्या तरी पडक्या भिंतीची, लाटांनी वाटोळी केलेली वीट. कोणा माणसाने माती मळून भाजलेली, म्हणजे स्वयंभू तर नव्हेच. पण आरंभलेली पूजा टाकून आसनावरून कसा उठू? त्या क्षणी श्रावणातले तुमचे पार्थिव लिंग आठवले. मातीला देव करायचे तर त्याला बोलवावे लागते, आणि पूजा संपली की अक्षता वाहून निरोप द्यावा लागतो. मी आवाहन केले. संध्याकाळी विसर्जन करायचे होते. समुद्र लांब, म्हणून उद्यावर टाकले.

ते उद्या अजून आलेले नाही. बोईसरचे बिऱ्हाड सुटले, उमरोळीला घर झाले, आणि वीट झिजत झिजत सुपारीएवढी झाली. सोंड केव्हाच गेली. रोज सकाळी मी त्यांना बोलावतो. अक्षता हातात घेतो, आणि "परत जावे" म्हणायच्या वेळी ओठ मिटतात. घरच्यांना ही माझी भक्ती वाटते. शास्त्राने पाहता ती निव्वळ हयगय आहे. आणि खरे म्हणजे ती दोन्ही नव्हे. निरोपाचा शब्द न ऐकता उंबरा ओलांडल्यावर माणसाचे काय होते, ते मला ठाऊक आहे. तो शब्द माझ्या तोंडून कोणाला द्यायचा म्हटला की मला तुमचे मौन आठवते. ते मौन मी समजून घेतले, असे आजवर सर्वांना सांगत आलो. समजून घेतलेले नाही, अण्णा. मी अजून "ये" ऐकायला थांबलेलो आहे.

उद्या तुमचे पाचही देव त्या ताम्हणात बसतील. यांना मी समुद्रावर नेणार नाही. सहाणेच्या मागे ठेवीन, आणि सूनबाईने विचारले तर सांगेन की उपकरणी घासायचा विटेचा तुकडा आहे. हे असत्य तिला सांगण्याआधी तुमच्या कानावर घातले, एवढेच. पत्र घडी करून त्यांच्याखालीच ठेवतो. सकाळच्या पाण्याने ते अजून ओले आहेत. कागदाला रंग लागेल.