बहीण आहे, असे लिहून देते

सोमवारी टपालाने आले ते असे: परवाना कार्यालयाचे पत्र एक, सोबत वकीलबाईंची चिठ्ठी एक. पत्रात एकच प्रश्न आहे, मायदेशातली बहीण हयात आहे काय? खर्च म्हणाल तर माझी दोन रात्रींची झोप.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, देवाला स्मरून व डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर दडपण आहे, पण ते हे लिहिण्यासाठी नाही.

चार वर्षांपूर्वी मुलाने माझ्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. मागे कोणी सांभाळणारे नाही, अशाच आईला इथे राहू देतात. वकीलबाईंनी पढवले होते, "आजी, कोणी नाही एवढंच सांगा." परवाना कार्यालयातल्या साहेबाने विचारले आणि मी बोलून गेले, "थोरली बहीण आहे, तिनेच वाढवलं मला." तेव्हापासून फाइल अडली. निकालाआधी देश सोडला तर अर्ज रद्द, मग पुन्हा येणे नाही.

मुलगा म्हणाला, "एक शब्द गिळला असतास तर?"

म्हटले, "गिळायला ती काय गोळी आहे?"

आता ताईने अंथरूण धरले आहे. वकीलबाई फोनवर चाचरत म्हणाल्या, "त्यांचं काही बरंवाईट झालं तर दाखला पाठवा, अर्ज मोकळा होईल." त्या वाईट नाहीत, कायदाच तसा आहे. पण तेव्हापासून जपाला बसले की देवाकडे नेमके काय मागते आहे, याची मलाच भीती वाटते.

तर व्यवस्था अशी. दोन बांगड्या सुनेला. तिने माझे देव माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले, ते मी मनात धरलेले नाही. लिहून ठेवले, इतकेच. बँकेतली शिल्लक व जपमाळ नातीला. आजी कुठे गेली, ते तिला खरे सांगावे. विणलेली शाल वकीलबाईंना. त्यांच्या कचेरीत गारठा फार. मुलाने मला आणले तेव्हा परतीचे तिकीट काढले नव्हते. ते आता काढून द्यावे, बाकी त्याच्याकडे माझे काही घेणे नाही.

अर्ज मी मागे घेते. ताईच्या मरणाची वाट बघत मी इथे बसणार नाही.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई (सही), कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
ठिकाण: मुलाचे स्वयंपाकघर
तारीख: ९ ऑक्टोबर
लिहून देणार: सही

वकीलबाई, माझा पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे. डॉक्टरांनी ताईला महिनाच दिला आहे. पासपोर्ट कधी पाठवता, ते उलट टपाली कळवावे.