डबीवरची वहिनी

दि. ११ मार्च

प्रिय धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. माझी शाळा अर्धवट सुटलेली. एक वाक्य जुळवायला सकाळ जाते. नळ गळतोच आहे. दाराची कडी लावली की नाही, हे पुन्हा पुन्हा उठून बघतो. तू हसशील.

तुझ्या हळदीच्या गोळ्या जोरात खपतात म्हणे. औषधाच्या दुकानात डबी पाहिली. वर तुझी वहिनी हसते आहे. फोटो तूच काढलेला, छान आलाय.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. हळदीत गुण आहेत, म्हणाल्या, पण ते पाण्यात विरघळत नाहीत, रक्तात फारसे पोचत नाहीत, पोचले तरी यकृत त्यांना लगेच बाहेर काढतं. म्हणून तू मिऱ्याचा अर्क घातलास. त्यानं यकृताचा पहारा ढिला होतो. पण पहारेकरी पेंगला की घरात एकटी हळदच मुक्काम करते असं नाही. वहिनीची रक्त पातळ ठेवायची गोळीही अंगात साठत गेली.

तुझ्या गोळ्या सुरू करताना तिनं तुला फोनवर विचारलं तेव्हा मी शेजारीच होतो. "भावोजी, माझ्या रक्ताच्या गोळीबरोबर चालेल ना?"

"वहिनी, हळदच आहे ती, विष नव्हे."

दंडावर काळेनिळे डाग उठले, तेव्हा म्हणालास, अंगातली घाण बाहेर पडतेय. तिला पटलं. आई गेल्यावर तुला तिनंच वाढवलं. तुझा शब्द तिला डॉक्टरपेक्षा मोठा.

मग तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला.

तुझे फोन येत राहिले. मी सांगत राहिलो, झोपली आहे. उठवू नकोस, असं तू म्हणायचास. मी नाही उठवलं.

थंडी सुरू होण्याआधीच ती गेली. शुद्धीत होती तोवर एकच म्हणत होती, "धाकट्याला बोलवा." मी बोलावलं नाही. शेजारी म्हणाले, सख्ख्या भावाला निदान कळवा तरी. म्हटलं, पत्र टाकतो. तिच्या फोटोच्या तुझ्या नव्या डब्या दुकानोदुकानी लागेपर्यंत थांबलो, इतकंच.

आता डबीवरून तिचा फोटो हटवू नकोस. खाली ठळक छाप, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी ही घेऊ नये, ही बाई त्यानंच गेली. नाही छापलंस तर ती कशानं गेली ते लिहिलेला डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन मी दुकानोदुकानी जाईन. पाय दुखतात, पण जाईन.

उत्तर लवकर पाठव. उशिरानं काय हुकतं, ते तुला आता कळलंच आहे.

तुझ्या वहिनीमागे उरलेला,
दादा