हेल्मेटचं चित्र

लातूर, गुरुवार

प्रिय बसवंत,

लातूरचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस. आणि मी घरातून फोन लावला तर तुझे दाजी पेपरच्या आडून कान देऊन बसतात. म्हणून या वयात कागद-पेन घेतलंय. पूर्ण वाच. अर्धं वाचून घडी घालायची तुझी सवय तुझ्या अक्काला ठाऊक आहे.

तुम्हा दोघांनी मला लई बेजार केलंय. रोज सकाळी दाजींचं एकच. पेपर उघडतात, पहिलं पान जाहिरातीचं, दुसरंही जाहिरातीचं. मग पेपर झटकतात, जणू व्यंगचित्र आत कुठं अडकलंय आणि झटकल्यावर खाली पडेल. "चौकट न्हाई! अगं, चौकटच न्हाई तर पेपर कशाला छापायलेत हे?" सून स्वप्नाली बिचारी मोबाइलवर काही विनोदी दाखवायला जाते. ते जरा वेळ बघतात आणि म्हणतात, "एवढा टाइम लागतो व्हय हसायला? एक चित्र, खाली एक ओळ, अन् माणूस दिवसभर गालात हसला पाहिजे." मग जुन्या चौकटीतली माणसं सुरू होतात. टेबलाखालून हात पुढं करणारा कारकून, खड्ड्यात उभा राहून रस्त्यावर भाषण ठोकणारा पुढारी. ऐकता ऐकता माझा चहा गार होतो. पण या सगळ्यात ती माणसं काढणाऱ्या तुझं नाव? चोवीस वर्षांत एकदा नाही.

तुझं ते हेल्मेटचं चित्र आठवलं की मला आजही आधी हसू येतं, मग स्वतःचाच राग येतो. त्या उन्हाळ्यात नळ पंधरा दिवसांनी यायचा. दाजी व्यापारी संघाच्या निवडणुकीला उभे होते आणि गल्लोगल्ली पाणी वाचवायची भाषणं देत होते. घरी मात्र नळ आला की घागरी, पातेली, पिठाचे डबे, आणि शेवटी स्कूटरचं हेल्मेटसुद्धा भरून ठेवलं! आमच्या बाजारात हेल्मेट घालणारा तेव्हा एकच माणूस. आणि एका सोमवारी नांदेडच्या तुझ्या पेपरात चौकट आली. छातीवर 'पाणी वाचवा'चा बिल्ला लावून एक गृहस्थ स्कूटरला किक मारतोय, दारातून बायको म्हणते, "अहो, हेल्मेट राहू द्या, त्यात उद्याचं पाणी आहे." आमच्या दुकानाची अख्खी कापड लाइन पोट धरून हसली. दाजी अकरा मतांनी पडले. तू समजूत काढायला आलास तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच विचारलं, "घरातलं तुला कुणी सांगितलं?" तू म्हणालास, "कुणी न्हाई, मला सुचलं." त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या मंजुश्रीच्या लग्नात तू मांडवाच्या टोकाला उभा राहून अक्षता टाकल्यास आणि न जेवता परत गेलास. मला दिसलं होतं. मी हाक मारली नाही.

आता ऐक. मागच्या आठवड्यात स्वप्नालीनं दुकानाचा माळा आवरायला काढला. ताग्यांच्या मागं पत्र्याची पेटी, पेटीत अठरा वह्या. तुझी प्रत्येक चौकट, पार तुझं सदर बंद झालं त्या दिवसापर्यंत, कापून, चिकटवून, खाली तारीख टाकून! घरात नांदेडच्या त्या पेपरला बंदी, आणि हा माणूस रोज बसस्टँडवर जाऊन तो घेत होता. मी वही त्यांच्या पुढ्यात आपटली. म्हणाले, "चित्र चांगलं काढतो. माणूस वाईट हाय."

तिथं माझं डोकं फिरलं. "माणूस वाईट न्हाई," मी म्हणाले. "हेल्मेटचं मी सांगितलं होतं त्याला. लोह्याला माहेरी गेले होते तेव्हा. हसत हसत."

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "मग त्यानं तुझं नाव का न्हाई घेतलं?" मी म्हणाले, "मला तुमच्या घरात नांदायचं होतं, म्हणून."

आज सदरा धुवायला घेतला तर खिशात एसटीचं तिकीट. येत्या सोमवारचं, सकाळचं, लातूर ते नांदेड. मला सांगितलंय, डोळे दाखवायला चाललोय. डोळ्यांचा डॉक्टर आमच्या गल्लीत आहे! दोन वह्या पिशवीत घातल्यात आणि मला दिसू नयेत म्हणून वर टॉवेल. वयाच्या पंचाहत्तरीत ही लपवाछपवी.

तेव्हा सोमवारी घरी थांब. विष्णुपुरीला लेकीकडं पळू नकोस. चहाला साखर मागतील, देऊ नकोस. ते तुझी माफी मागणार नाहीत, त्यांना ते जमायचं नाही. आणि तू त्यांची अजिबात मागायची नाहीस. चोवीस वर्षं माझ्या जागी तू उभा राहिलास आणि मी राहू दिलं. माफी मागायची आहे ती मला, तुझी. सगळी चिडचिड केली, पण पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी.

तुझीच,
सिंधुअक्का