पावलांवरचा रंग

सोलापूर
१२ एप्रिल १९७६

प्रिय सोमलिंग,

तुझं कार्ड मिळालं. येणं जमणार नाही, समारंभ नीट पार पडो, एवढंच. हावड्याला जाऊन तुझं अक्षर सुधारलंय, माणूस मात्र आखडलाय. पुतळा समितीच्या गुरुबसप्पांना मी ते कार्ड दाखवलेलं नाही. ते बसवजयंतीच्या अनावरणाच्या पत्रिकेत 'सुपुत्र' म्हणून तुझं नाव छापायला निघालेत. अव्वाचा पुतळा उभा राहतोय आणि तिचा पोटचा मुलगाच येणार नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. माझ्या शिरतं, म्हणून इतके दिवस गप्प राहिलो. आज लिहायला बसलोय. मनगट सुजलंय, तेव्हा अक्षर लागेल तिथे वाच, नाही लागणार तिथे अंदाजाने घे.

थकलोय रे. आपल्या स्टुडिओत माती माझी आणि धातू तुझा, असं किती वर्षं चाललं. मी मातीतून माणूस उभा करायचा, तो ओतून झाला की तुझ्या ताब्यात द्यायचा आणि दारात बसून पान खायचं. या वेळी पान कुठलं! आपली भट्टी ती एवढीशी, अव्वा तुकड्यातुकड्यानेच ओतावी लागली. खांदे जोडले, पाय जोडले आणि मग त्या सांध्यांवर छिन्नी घेऊन मीच बसलो. सांध्याची रेघ घासून घालवणं एकवेळ जमतं. पण रेघ गेली की ती जागा ताटासारखी गुळगुळीत होते, तिथे पुन्हा माणसाची कातडी आणायची, हे तुझं काम होतं. जुन्या कानशी घासून तू केलेल्या त्या बारक्या छिन्न्या डब्यात तेल लावून ठेवल्या होत्यास. काढल्या. पहिले काही दिवस तुला शिव्या घालत होतो, नंतर तेवढंही त्राण उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता हातोडी बंद. मी म्हटलं, बंदच करणार आहे, एवढी एक म्हातारी हातावेगळी होऊ दे.

पुतळा कसा आहे ते तुला कुणी सांगितलं नसेल. तूही विचारलं नाहीस. अव्वा पाटावर बसलीय, दोन्ही पाय समोर लांब केलेत, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलंय. उजव्या हातात पाण्याचा तांब्या. नडग्यांवर बाळ नाही. त्यावरून गुरुबसप्पांशी माझं चांगलंच वाजलं. "सुईणीच्या पायावर लेकरू नाही म्हणजे काय, चन्नवीर? लोक हसतील की!" मी म्हटलं, अहो, त्या पायांवर अख्खी पेठ उताणी-पालथी झालीय. तुमची दोन्ही पोरं झालीत, मागावरच्या तेलुगू बायांची झालीत, पलीकडच्या गल्लीतल्या मोमीनांची झालीत. त्यातलं नेमकं कुणाचं तोंड बसवू? तेव्हा कुठे त्यांनी हट्ट सोडला. बाळंतिणीच्या न्हाणीत धूर कोंडलेला असायचा, अव्वा घामाने निथळत असायची आणि पोर कितीही किंचाळलं तरी हात ढिला सोडायची नाही. आपण दोघं दारातून डोकावलो की कानडीतून हाकलायची. ती बसण्याची ढब मला शोधावी लागली नाही. मातीत पहिल्याच दिवशी आली.

तुझ्याशी हरलेला एक वादही या पुतळ्यात मिटवलाय. ते परदेशी मासिक आठवतं? त्यातल्या एका शिल्पकाराने मातीतले स्वतःचे अंगठे ब्राँझमध्ये तसेच ठेवले होते, कानस लावलीच नव्हती. तू आठवडाभर ते पान उघडून बसायचास आणि मी म्हणायचो, याला आपल्याकडे अर्धवट काम म्हणतात. अव्वाच्या पाठीवर या वेळी मी माझे अंगठे तसेच ठेवलेत. काही धीर करून ठेवले, काही घासायचा कंटाळा आला म्हणून ठेवले. कुठले कुठले ते तू ओळखशीलच.

रंग मात्र मन लावून चढवला. ब्लो लॅम्पने धातू तापवायचा, गंधकाचं पाणी कुंचल्याने मारायचं, पुन्हा तापवायचा, हे सगळं तुझ्या पद्धतीने. धुराने खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या. पण शेवटी पावसाळ्यातल्या काळ्या रानासारखा दाट, तपकिरीकडे झुकणारा काळा उतरला. वरून मेण चोळलं. तुझ्याइतका नाही, पण तू नाक मुरडलं नसतंस. मग हातगाड्यावर घालून तिला नव्या प्रसूतिगृहाच्या आवारात नेली, चौथऱ्यावर बसवली, वर चादर टाकली आणि घरी येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज चक्कर मारायला गेलो, तर चादर बाजूला पडलेली आणि अव्वाभोवती पंधरा-वीस बाया. घमेल्यात राख, पातेल्यात भिजवलेली चिंच, हातात काथ्या. माझा तो दाट काळा रंग गटारीने वाहत चालला होता. आपल्या गल्लीतली कमलम्मा, चारही बाळंतपणं अव्वाच्या हातची, ती पदर खोचून सगळ्यांची मुकादम झाली होती. मला बघून म्हणाली, "या की मास्तर. अव्वा लई काळी पडली होती बगा, धूळबिळ बसली आसंल. उजळून टाकली." मी तिला सांगितलं, बाई गं, ती धूळ नव्हती, तो रंग होता, मी मरमर मरून चढवलेला. ती क्षणभर ओशाळली. मग काथ्या खाली न ठेवताच म्हणाली, "आसंल. पन जल्मभर तिनं दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घातली. तिला कदी कुनी न्हाऊ घातलं व्हय? आज आमी घातलं. आता काय म्हनायचं त्ये म्हना."

नीट बघितलं तर त्या भांडं घासावं तसं घासत नव्हत्या. कुणी कानामागे बोट घालत होती, कुणी मानेची वळी उकलावी तशी चोळत होती. एकीने तर आपलं तान्हं अव्वाच्या नडग्यांवर आडवं घातलं होतं आणि ते ओलं पोर मजेत पाय झाडत होतं. उंचवट्यांवरचा रंग निघून आतलं सोनेरी ब्राँझ वर आलं होतं, वळ्यांत आणि सुरकुत्यांत काळा राहिला होता. खरं सांगू? इतकी जिवंत ती माझ्या हातून झालीच नव्हती.

गुरुबसप्पा दुपारी आले आणि पाहताच भडकले. "पितळी घागर केली की हिची! बसवजयंतीच्या आत पुन्हा काळी करा." मी हो म्हटलं, ब्लो लॅम्पसुद्धा घेऊन गेलो. तो पेटवायच्या आधी मला मद्रासच्या म्युझियममधली ती देवी आठवली. आपण थर्ड क्लासने उभ्याने गेलो होतो तिला बघायला. शेकडो वर्षांच्या अभिषेकाने तिचं नाक झिजलेलं, गुडघे आरशासारखे झालेले. मी हळहळत होतो की मूळ काम पुसलं गेलं. तू म्हणालास, पुसलं कुठे, अर्धं शिल्पकाराने केलं, उरलेलं फिनिशिंग लोकांनी केलं. तेव्हा मी हसलो होतो. परवा ब्लो लॅम्प न पेटवताच परत आणला. गुरुबसप्पांना सांगितलंय की रंग हळूहळू वर येतोय, मुरायला वेळ लागतो. त्यांना त्यातलं काय कळतंय!

आता जे तू कार्डावर लिहिलं नाहीस, ते मी लिहितो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अव्वा गेली तेव्हा रेल्वेचा संप चालू होता. तू मिळेल त्या ट्रकने, एसटीने, धक्के खात आलास, तोवर तिला समाधी देऊन झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, थांबता येत नव्हतं. मीच होकार दिला. परत जाताना स्टँडवर तू एवढंच म्हणालास, "शेवटच्या आंघोळीचं दोन तांबे पाणीसुद्धा माझ्या हातचं नाही." त्यानंतर तू सोलापूर सोडलंस ते सोडलंस, छिन्नीही सोडलीस. पंपाचे भाग ओतत बसलास. त्यावर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी कधी लिहिलं नाही. खुशालीची पत्रं लिहीत राहिलो.

त्या सकाळची एक गोष्ट मात्र सांगायची राहिलीय, आणि खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहिलं. बायांनी अव्वाला डोक्यापासून घासत आणली, गुडघे झाले, नडग्या झाल्या. एकीने घोट्याला काथ्या लावला तशी कमलम्माने तिचा हात धरला. म्हणाली, "पाय ऱ्हाऊ दे गं. त्ये लेकाचं हाय. सोमू येईल की." सगळ्या जणी उठल्या, घमेली उचलून घरी गेल्या. अव्वा आता सबंध उजळ आहे, फक्त दोन पावलं काळी आहेत. अनावरणाला नको येऊस, मलाही ती भाषणं ऐकवत नाहीत. आदल्या दिवशी सकाळी ये. आवारात मी असेन, कमलम्मा असेल, आणखी कुणी नाही. चिंच ती भिजवून ठेवणार आहे, पाण्याची बादली मी भरून ठेवतो.

वाट बघणारा, तुझाच
चन्नवीर