क्लस्टरवर सगळं ठीक आहे

१३ सप्टेंबर, शनिवार
रेवतीताईंनी (चौथा मजला, पवईला स्वतःची आयटी कंपनी) जिन्यात थांबवलं. सोसायटीचं तक्रारींचं अ‍ॅप अठ्ठावीसच्या सभेत चालवून दाखव, मग नोकरीचं बोलू, म्हणाल्या. माझा डिप्लोमा अर्धवट राहिला, त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.
संकल्प : घाई नाही. सगळं दोनदा तपासायचं.

१५ सप्टेंबर
साधं इन्स्टॉल कुणीही करेल. भंगारवाल्या धोंडिरामकडून तीन जुने संगणक आणून एकमेकांना जोडले. याला क्लस्टर म्हणतात. एक पडला तर बाकीचे अ‍ॅप सांभाळतात. आई म्हणाली, निहार, ते आधी पलंगावरून उचल. पण क्लस्टरला हवा लागते. मी खाली झोपतो.

१७ सप्टेंबर
अ‍ॅप चढलं! स्क्रीनवर हिरवं 'रनिंग'. नाव 'तक्रार निवारण केंद्र'. शुद्धलेखन चोख. माझ्या लॅपटॉपवर झकास उघडतं. ब्राउझरमध्ये वर दिसणारा पत्ता जसाच्या तसा कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. क्यूआर कोड छापून लिफ्टमध्ये चिकटवला.

१९ सप्टेंबर
एकही तक्रार नाही. लोक समाधानी दिसतात. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका म्हणाले, उघडत नाही रे तुझं ते. तुमचा फोन जुना आहे, असं नम्रपणे सांगितलं.
लिफ्ट कालपासून बंद.

२२ सप्टेंबर
अजून शून्य. तरी गर्दी एकदम उसळू शकते, म्हणून अ‍ॅपच्या पाच प्रती चालू ठेवल्या. पाचही ठणठणीत. दुपारी दुसऱ्या मजल्यावरची दर्शना खिडकीखाली येऊन ओरडली, ए निहार, पाणी कधी येणार? अ‍ॅपवर टाक, म्हटलं. तुझं अ‍ॅप बालदीत टाक, म्हणाली. लोकांच्या सवयी सुटत नाहीत.

२५ सप्टेंबर
भाजी घेताना बायका आईला अडवतात, लिफ्टचं विचारतात. मीच तुझं अ‍ॅप झालेय, आई म्हणाली. जेवण अर्धं सोडून उठलो. पत्ता पुन्हा तपासला. स्पेलिंग अचूक. माझ्याकडे उघडतंय. मग चूक माझी कशी?
आता सात प्रती.

२७ सप्टेंबर, सकाळ
शर्टाला इस्त्री. पवईला पहिल्या दिवशी डबा न्यावा की नाही, ठरत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
सभा. सगळ्यांनी फोन काढले. कुणाचंच उघडेना. चंद्रप्रकाशकाका म्हणाले, आता सगळ्या बिल्डिंगचेच फोन जुने का रे?
रेवतीताईंनी लिंक वाचली आणि डोळे मिटले. पत्त्यात शब्द होता लोकलहोस्ट. म्हणजे 'माझ्याच घरी'. म्हणाल्या, अरे, प्रत्येकाचा फोन तुझं अ‍ॅप स्वतःच्याच पोटात शोधतोय. क्लस्टरला बाहेरचं दारच काढलं नाहीस. तू आत बसलेला, म्हणून तुला दिसत होतं. एकदा तरी दुसऱ्याच्या फोनवर बघायचं ना!
स्पेलिंग बरोबर आहे, एवढं मी सांगितलं. ते त्यांनी मान्य केलं.
खुर्च्या उचलताना नोकरीचं विचारलं. दिवाळीनंतर बघू, म्हणाल्या. म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. घरी येऊन कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या सोमवारी खूण केली. मग लक्षात आलं, कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारायचं राहिलं.