गुडघे दुखत नव्हते

पूर्णगड,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. आरोही,

तुला, संदेशरावांना आणि छोट्या मनस्वीला आईचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. यंदा मोहोर चांगला धरलाय, तुझे बाबा दिवसभर कलमांतच असतात. माझी अंगणवाडी नेहमीसारखी चालू आहे.

फोन केला की तू "ठेवते, काम आहे" म्हणतेस. तक्रार नाही गो, माझ्याच वागण्याने हे झालंय. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील, म्हणून लिहायला बसले.

परवा संदेशरावांचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस. म्हणाले, "आई, आरोहीचे केस झुपक्याने गळतायत. काल आरशासमोर रडत बसली होती." ते ऐकलं आणि इतके महिने लपवलेलं आता सांगायलाच हवं असं वाटलं.

माझे गुडघे कधी दुखतच नव्हते. माझे केस गेले होते.

गेल्या होळीच्या सुमारास सुरू झालं. आधी फणीत, मग उशीवर. भांग रुंद होत गेला, भुवयांची टोकंही विरळ झाली. सारखी थंडी वाजायची, अंग जड, आवाज घोगरा. माक्याचं तेल, कांद्याचा रस, सगळं लावून झालं. कॅन्सरात तुझ्या सुंदरामावशीचं डोकं शेवटी कसं झालं होतं ते तू पाहिलंयस. मला वाटलं, तिचंच दुखणं माझ्या वाट्याला आलं. तू पोटुशी, तुला कसं सांगू? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तू इथे आलीस तर एका नजरेत ओळखलं असतंस. म्हणून म्हटलं, "इथून मोठा दवाखाना लांब पडतो, तू मुंबईतच राहा, मीच येते." आणि मग न येण्यासाठी गुडघ्यांचं निमित्त काढलं.

बारशाला मात्र मी निघाले होते. हे फक्त तुझ्या बाबांना माहीत आहे. रत्नागिरी स्टेशनवर बसले होते, पिशवीत लाडू आणि दुपटी. वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "केमो चालू आहे का हो?" मी पदर घट्ट ओढून घेतला. गाडी आली, थांबली, निघून गेली. मी बाकावरच. त्या संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "आता येऊच नकोस." बरोबरच बोललीस.

ऑक्टोबरात मुलांची वजनं घेताना मला भोवळ आली आणि डोक्याचा रुमाल सुटला. आमची मदतनीस तुळसा बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, लोकांच्या पोरांची वजना करता, नि सोताला काय झालाय ता बगत नाय?" तिने बाबांना सांगितलं आणि दोघांनी मला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी. टाळू पाहिली, गळ्याला बोटं लावून "गिळा" म्हणाली, रक्त तपासलं. रिपोर्ट बघून म्हणाली, "तुमची थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय. केसांच्या मुळांना तिचं हार्मोन लागतं. ते कमी पडलं की केस वाढायचे थांबतात, मग गळतात. त्यात तुमची पाळी जायची वेळ, त्यानेही केस पातळ होतात."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही हो. तुमच्या बहिणीचे केस केमोच्या औषधांनी गेले असतील."

मी ढसाढसा रडले. ती घाबरली बिचारी. "रडू नका काकू, हे बरं होतं."

म्हटलं, "म्हणूनच रडतेय."

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा तासाभराने. दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासून गोळीचं प्रमाण ठरवलं. थंडी गेली, अंग हलकं झालं. केसांना वेळ लागतो म्हणाली, सहा महिने, वर्षसुद्धा. पण भांगाच्या कडेने बारीक लव आलीय. परवा बाबांनी चष्मा लावून पाहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी हसले. भांग भरला नाही तर वरून लावायचं औषध ती देणार आहे.

काल फोन करून डॉक्टरला तुझंही विचारलं. पोटात बाळ असताना इस्ट्रोजेन नावाचं दुसरंच हार्मोन वाढलेलं असतं, म्हणून एरवी गळायचे केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम उतरतं आणि थांबलेले सगळे केस दोन-चार महिन्यांत एकदम जातात. टक्कल पडत नाही. बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. नीट जेव. तू अंगावर पाजतेस, तेव्हा स्वतःच्या मनाने कसलंही औषध घेऊ नकोस. पण फार थकवा किंवा छातीत धडधड असेल तर थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर तेही बिघडू शकतं, आणि आता घरात मला आहेच.

तुला जपायला लपवलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे भीती होती, आणि लाज. त्यापायी तुझ्या उशाशी बसायचे दिवस मी घालवले. लेकीची माफी पत्रात मागावी का, ठाऊक नाही. मागते.

रजेचा अर्ज दिलाय. शनिवारी निघायचं म्हणतेय. तू नुसतं "ये" म्हण. नाही म्हणालीस तरी राग नाही, पुन्हा विचारीन.

तुझी आई,
आणि तू मांडीवर देशील त्या दिवसापासून मनस्वीची आजी