निवृत्त, पण हयात

शनि., ९ ऑक्टो. कावासाकी
बऱ्याच दिवसांनी शनिवार मोकळा मिळाला. मुक्ताला म्हटलं, चल, नदीवर जाऊ. "आज रद्दीचा दिवस आहे ना, बाबा." म्हणजे तळमजल्यावरचे ओगावा-सान. शनिवारी बिल्डिंगची रद्दी बाहेर ठेवतात. गठ्ठे बांधायचं काम म्हातारबुवांनी अंगावर घेतलंय आणि आमची तिसरीतली पोर त्यांची असिस्टंट. वर्तमानपत्रांतली खेळाची पानं बाजूला काढायची आणि वाद घालायचा, हयात असलेल्या निवृत्त बेसबॉलवाल्यांत सगळ्यांत थोर कोण. दीड तास गॅलरीतून बघत होतो. इतके हातवारे ती माझ्याशी बोलताना करत नाही. जळफळाट झाला. इथे लिहितोय, मंजूला सांगण्यासारखं नाही.

बुध., १३
मॅनेजरने फॉर्म दिला. प्रोजेक्ट दोन वर्षं वाढतोय. राहणार की पुण्याला परत, १ तारखेला द्यायचा. मंजू म्हणाली, "मला दोन्ही चालेल. मुक्ताला विचार."
विचारणार नाही. उत्तर माहीत आहे, आणि ते जपानीत येईल.
परत गेलो तर ओगावा-सान इथेच राहतील, असं मनात आलं आणि बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

शनि., १६
ऑफिस. जेवताना मुक्ताच्या लाडक्या सेगावाचे होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार. वरण वाढलं तरी सेगावा. मी म्हटलं, आमच्या क्रिकेटमध्ये... "बाबा, जेव ना."

मंगळ., १९
स्टेशनसमोरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून खेळाडूंचं पुस्तक आणलं. अवघड चित्राक्षरांवर बारीक अक्षरांत उच्चारही छापलेत, म्हणून वाचता येतं. ट्रेनमध्ये पाठ करतोय. पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, तोकुमारू आवडला. डावखुरा, माझ्यासारखा. बाजूला ऑफिसातला साताऱ्याचा देशपांडे उभा होता. "सर, सर्टिफिकेशनची परीक्षा का?" म्हटलं, हो.

शनि., २३
फजिती.
रद्दीपाशी गेलो. अख्खा आठवडा घोकलेलं जपानी वाक्य म्हटलं: माझ्या मते तोकुमारू. ओगावा-सान हातातली सुतळी खाली ठेवून नमस्काराला वाकले. म्हणाले, फार चांगली निवड. मला वाटलं, जिंकलो.
जिन्यात मुक्ता कुजबुजली, "बाबा, तो गेल्या वर्षी वारला."
माझं पुस्तक सात वर्षांपूर्वीचं. हे बघायचं सुचलंच नाही.
"वारला म्हणून लहान झाला का?"
"नियम आहे. रस्त्यात भेटला तर वाकता आलं पाहिजे. आमच्या यादीतून त्याचं नाव खोडलं तेव्हा ओगावा-सान किती वेळ नुसते उभे होते."
हे ती मला आज सांगतेय. एक वर्षाने.

रवि., २४
ओगावा-सान दारात. पिशवीभर संत्री आणि तोकुमारूचा जुना फोटो, माझ्यासाठी. कारखान्याच्या टीममध्ये असताना त्याच्याविरुद्ध एकदा खेळले होते, तीनदा आऊट झाले. "त्याचं नाव पुन्हा कुणीतरी घेतलं, माने-सान." डोळे ओले होते. मंजूने चहा केला, मुक्ता त्यांना चिकटून बसली. राग धरायलाही जागा ठेवत नाही हा माणूस.

शनि., ३०
पाऊस, रद्दी नाही, म्हणून मुक्ता माझ्या वाट्याला आली. संत्रं घेऊन तिला डावखुऱ्या स्पिनची पकड दाखवली. कॉलेजच्या टीममध्ये होतो, हे तिला माहीतच नव्हतं. मी तरी कधी सांगितलं?
"कितव्या वर्षी रिटायर झालास?"
"बाविसाव्या."
"का? खांदा?"
"नोकरी लागली."
तिने वहीत लिहून घेतलं. संत्रं सोफ्याखाली गेलं, दोघांनी पालथं पडून काढलं. बरा दिवस.

रवि., ३१
सकाळी फ्रिजवर यादी लागली. बेसबॉलच्या टीममध्ये नऊ, म्हणून नऊ नावं, सगळी सुवाच्य जपानीत. पहिला सेगावा. तिसरे ओगावा-सान, मैदानातली जागा शॉर्टस्टॉप. नववं नाव तेवढं देवनागरीत, वेडंवाकडं: बाबा. निवृत्त, वय २२. हयात.
मंजू म्हणाली, "आलास की नवात."
आलो. पण म्हातारा तिसरा. दात घासतानाही तेच डोक्यात.
शेवटी विचारलंच. "नववा माणूस वर कसा चढतो गं?"
"रिटायर झालेले आता खेळत नाहीत ना, बाबा. वरचं कुणी वारलं तरच."
खालून सुतळी कापल्याचा आवाज येत होता. कालची रद्दी आज बांधत होते. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे दुखतात, तरी उकिडवे बसतात.
म्हटलं, असू दे. नववा ठीक आहे.
ती सुतळीचं बंडल घेऊन खाली पळाली. फॉर्म उद्या द्यायचा. समोर ठेवलाय, पेन 'राहणार'च्या चौकटीवर.